परसापासून पानापर्यंत : घरच्या सकस आहाराकडे

भाताची कापणी आणि मळणी आटोपली, की गोव्याच्या खेडोपाडी एके काळी घरोघर भात उकडण्याची लगबग सुरू होई. रात्रभर भिजत ठेवलेले भात सकाळी मोठ्या भांड्यात चुलीवर चढे. टरफलाचे तोंड किंचित उकलले, की ते उतरवून अंगणातील चटयांवर वाळत घातले जाई. पुढे ते उखळात कांडून किंवा गिरणीतून भरडून आणले, की वर्षाची बेगमी झाली असे घरातील कर्ती माणसे समजत. या उकड्या तांदळाची पेज शेतात राबणाऱ्या माणसाला दुपारपर्यंतचा आधार देई. पेजेसोबत कुळथाची पिठी, परसातील तांबडी भाजी, नाहीतर भाजलेला सुका बांगडा आणि आमसुलाची फोड असे. हे जेवण साधे होते. परंतु त्यात धान्य, कडधान्य, पालेभाजी आणि आंबट या चारही गोष्टींची सोय आपोआप लागलेली होती.

गेल्या दोन पिढ्यांत हे चित्र पालटले. भात उकडण्याचे काम घरातून गेले, पुष्कळ घरांतून भातशेतीही गेली. सकाळच्या पेजेची जागा चहा, बिस्किटे आणि मैद्याच्या पावाने घेतली. मुलांच्या हाती रंगीत वेष्टनांतील खाऱ्या-गोड पदार्थांच्या पुड्या आल्या. या बदलाचा हिशेब आता आकड्यांतून समोर येत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशातील सर्व राज्यांत मधुमेहाची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशात सरासरी ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते. चार प्रौढ माणसे एका पंक्तीला बसली, तर त्यांतील एकाला हा विकार असावा, असा याचा अर्थ होतो.

या विकाराची कारणे एकच नाहीत. आनुवंशिकता, वाढते आयुर्मान, शारीरिक श्रमांचा अभाव आणि शरीराचे वाढलेले वजन ही सर्व त्यात येतात. आनुवंशिकता बदलणे कोणाच्याही हाती नाही. ताटातील अन्न बदलणे मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. यास्तव घरचे, सकस आणि शक्य तेथे सेंद्रिय पद्धतीने पिकविलेले अन्न म्हणजे काय, त्याचा लाभ कोठे आहे व त्याविषयीचे गैरसमज कोणते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

धान्याचे तीन भाग

कोणत्याही धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा, एका टोकाला असलेला अंकुर आणि मधला पिठूळ गर. गरामध्ये मुख्यतः पिष्ट असते. जीवनसत्त्वे, खनिजे, तंतू आणि थोडी स्निग्धता ही बहुतांशी कोंड्यात व अंकुरात साठलेली असते. दाणा जितका अधिक सडावा, तितका तो पांढरा शुभ्र दिसतो, लवकर शिजतो आणि अधिक काळ टिकतो. परंतु जे घालवू नये तेच गिरणीत मागे राहते. मैदा हा गव्हाचा केवळ गर होय. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ हा तांदळाचा केवळ गर होय. धान्याचे हे तिन्ही भाग शक्य तितके एकत्र राखून खाणे, एवढाच 'पूर्ण अन्न' या शब्दाचा साधा अर्थ आहे. त्यासाठी परदेशी धान्ये किंवा महागडे डबे यांची गरज नाही.

गोव्यात तर याचे उदाहरण रोज सकाळी सायकलवरून दारात येते. पोदेराच्या टोपलीत मैद्याचा मऊ पाव असतो आणि गव्हाचा कोंडा घातलेली पोईही असते. दोन्ही एकाच भट्टीतून येतात. पोई निवडली तर कुटुंबाच्या पोटात थोडा अधिक तंतू जातो आणि त्यासाठी सवयीत फारसा फरक करावा लागत नाही. मात्र पोईत कोंडा खरोखर मिसळलेला आहे, की वरून नुसता भुरभुरला आहे, हे एकदा विचारून घेणे बरे.

उकड्या तांदळाचा धडा

तांदळाच्या कोंड्याचे महत्त्व जगाला एका रोगामुळे कळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आग्नेय आशियात बेरीबेरी हा रोग सैनिक, कैदी आणि मजूर यांच्यात फार पसरला होता. पायांतील शक्ती जाई, अंगावर सूज येई आणि हृदय दुबळे होऊन मृत्यू ओढवे. जावा बेटावर काम करणारे डच वैद्यक ख्रिस्तियान आइकमन यांना असे दिसले की, पॉलिश केलेल्या तांदळाच्या भातावर ठेवलेल्या कोंबड्यांना तशाच प्रकारचा पांगळेपणा येतो आणि कोंड्यासहित तांदूळ दिला असता त्या बऱ्या होतात. त्यांचे सहकारी गेरित ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये असे मांडले की, कोंड्यात शरीराला आवश्यक असे काही द्रव्य आहे आणि त्याच्या अभावानेच हा रोग होतो. ते द्रव्य म्हणजे आज आपण ज्याला 'ब-१' जीवनसत्त्व किंवा थायमिन म्हणतो ते होय. आइकमन यांना या कार्याबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

भारतात या विषयाचे संशोधन १९१८ मध्ये दक्षिणेतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीपासून सुरू केले. त्याच लहानशा केंद्राची पुढे वाढ होऊन ते १९५८ मध्ये हैदराबादला गेले आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. कुन्नूर येथील संशोधकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. आंध्रच्या किनाऱ्यावर जेथे कच्च्या भाताचा गिरणीत सडलेला तांदूळ खाल्ला जाई, तेथे बेरीबेरी आढळे. जेथे उकडा तांदूळ खाण्याची रीत होती, तेथे हा रोग सहसा दिसत नसे.

याचे कारण उकडण्याच्या क्रियेत आहे. भात टरफलासकट भिजते व तापते, तेव्हा कोंड्यातील व अंकुरातील पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे दाण्याच्या आतल्या गरात उतरतात. तापल्यामुळे गरातील पिष्ट घट्ट होते आणि दाणा कठीण बनतो. त्यामुळे पुढे गिरणीत कोंडा निघाला, तरी सगळे सत्त्व त्याच्याबरोबर जात नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम कच्च्या, गिरणीत सडलेल्या तांदळात थायमिन सुमारे ०.०६ मिलिग्रॅम असते. उकड्या, गिरणीत सडलेल्या तांदळात ते सुमारे ०.२१ आणि उकड्या, हातसडीच्या तांदळात सुमारे ०.२७ मिलिग्रॅम असते. म्हणजे अंगणात भात उकडणाऱ्या बायका कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी अन्नातील एक मौल्यवान घटक राखीत होत्या. शिवाय उकडा दाणा कांडताना कमी तुटतो आणि त्याला कीडही कमी लागते. घरात टिकाऊ धान्य हवे, या व्यवहारी गरजेतून जी रीत आली, तिनेच आरोग्यही सांभाळले.

भात शिजविण्याची पद्धतही येथे महत्त्वाची आहे. तांदूळ चारचार पाण्यांनी चोळून धुतला आणि शिजल्यावर वरचे पाणी ओतून दिले, तर राखलेली जीवनसत्त्वे मोरीत जातात. पेजेत ती पाण्यासकट पोटात जातात. भात वेळायचाच असेल, तर ते पाणी आमटीत किंवा पिठीत वापरावे.

नाचणी, कुळीथ आणि परसातील पाला

डोंगरउतारावर, जेथे भाताचे पीक साधत नाही, तेथे नाचणीने पिढ्यान्‌पिढ्या माणसे जगविली. गरिबांचे धान्य म्हणून तिची उपेक्षा झाली. परंतु १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तितक्याच पांढऱ्या तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. नाचणीचा दाणा बारीक असल्यामुळे तो कोंड्यासकट दळला जातो, हाही तिचा एक गुण. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांतील दुकानांत नाचणीची बिस्किटे दिसू लागली. त्या बिस्किटांत पुष्कळदा मैदा आणि साखर नाचणीपेक्षा अधिक असते. वेष्टनाच्या मागे घटकांची यादी परिमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. ती वाचली म्हणजे खरे काय ते कळते. घरची नाचणीची भाकरी, आंबील किंवा तिजान यांना अशा वेष्टनाची गरज नाही.

नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळली, तर तिच्या पिठाची पेज पातळ होते व पचावयास हलकी जाते. सहा महिने पूर्ण झालेल्या बालकाला आईच्या दुधासोबत अशी मऊ पेज देण्यास सुरुवात करता येते. नाचणीचे सत्त्व काढताना मात्र वस्त्रगाळ केल्याने कोंडा वेगळा होतो. यास्तव मोठ्या माणसांनी सत्त्वापेक्षा पूर्ण पीठ वापरणे इष्ट.

कुळीथ, चवळी, अळसांदे, मूग, वाल ही कडधान्ये म्हणजे शाकाहारी घरातील प्रथिनांचा आधार. कुळथात २१ ते २२ टक्के प्रथिने असतात. भात आणि कडधान्य एकत्र खाल्ले असता एकातील उणीव दुसऱ्याने भरून निघते, म्हणून पेज व पिठी ही जोडी उत्तम होय. कडधान्यांना मोड आणल्याने त्यांतील लोह अधिक प्रमाणात शरीरात शोषले जाते, 'क' जीवनसत्त्व निर्माण होते आणि पोटात वायू धरण्याचे प्रमाणही कमी होते. जेवणात कोकम, लिंबू किंवा आवळा असला, तर भाजीपाल्यातील लोहाचा लाभ वाढतो; जेवणानंतर लगेच घेतलेला चहा तो लाभ कमी करतो. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हे ध्यानी घेता, चहाची वेळ तासभर पुढे ढकलणे ही बिनखर्चाची सुधारणा आहे.

पावसाळ्यात टाकळा, अळू, तेरे, कोवळे बांबूचे कोंब अशा भाज्या आपसूक उगवतात. त्यांचे गुण जसे पूर्वजांनी जाणले, तशा त्यांच्या खोडीही जाणल्या. अळवात घशाला खाजविणारे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून त्यात चिंच किंवा अंबाडे घालून ते चांगले शिजवितात. बांबूच्या कोंबांतील विषारी अंश भिजवून, उकळून पाणी टाकल्याने जातो. 'नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे' असे समजणे चुकीचे, हे या पाककृतींनीच शिकविले आहे.

ताटाची मांडणी

उकडा तांदूळ चांगला, नाचणी चांगली, म्हणून त्यांचा डोंगर वाढून घ्यावा, असा मात्र याचा अर्थ नाही. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय माणसाला मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सरासरी ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे त्यांत दिसले. तांदळाऐवजी नुसता गहू किंवा भरडधान्य घेतले आणि धान्याचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी होत असल्याचे आढळले नाही. पिष्टमय अन्नाचा थोडा भाग काढून त्याजागी कडधान्ये, दूध, दही यांतील प्रथिने आली, तर मात्र धोका कमी असल्याचे दिसले. तात्पर्य, धान्याचा प्रकार बदलणे ही पहिली पायरी आहे; धान्याचा वाटा कमी करून कडधान्यांचा व भाज्यांचा वाटा वाढविणे ही दुसरी व अधिक महत्त्वाची पायरी आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात २००० किलोकॅलरी ऊर्जा लागणाऱ्या व्यक्तीसाठी दिवसाचे प्रमाण दिले आहे. कच्च्या वजनाने धान्ये २५० ग्रॅम. डाळी, कडधान्ये किंवा त्यांऐवजी मासळी, अंडी इत्यादी ८५ ग्रॅम. भाज्या ४०० ग्रॅम. फळे १०० ग्रॅम. दूध ३०० मिलिलिटर. तेलबिया व कवचीची फळे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम, असे ते प्रमाण आहे. घरात वजनकाटा नसला, तरी एक सोपा नियम पाळता येतो. ताटाच्या अर्ध्या भागात भाज्या व फळे असावीत. उरलेल्या अर्ध्यात भात-भाकरी आणि उसळ-मासळी यांनी वाटा घ्यावा. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी पेज पातळ असल्यामुळे ती हलकी समजून भरपूर पिऊ नये. तिच्यासोबत उसळ व भाजी घ्यावी. औषध मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून कमी करू नये किंवा बंद करू नये.

घरी शिजविले म्हणून पुरेसे नाही

घरी शिजविलेल्या अन्नाचा मोठा लाभ असा की, त्यात काय व किती पडले हे घरच्यांना ठाऊक असते. परंतु तो लाभ घेण्यासाठी चार गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट मिठाची. दिवसाला दर माणशी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, अधिक मीठ नसावे. लोणचे, पापड आणि खारवलेली मासळी यांतील मीठही त्यातच मोजावे. आगरातील जाडे मीठ पारंपरिक असले, तरी त्यात आयोडीन पुरेसे नसते. गलगंड टाळण्यासाठी आणि गर्भातील बालकाच्या मेंदूच्या वाढीसाठी रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

दुसरी गोष्ट तेलाची. खोबरेल असो वा शेंगदाण्याचे तेल असो, घाण्याचे असो वा कारखान्याचे असो, ऊर्जा सर्वांत सारखीच असते. घाण्याचे तेल म्हणून ते दुप्पट वापरणे योग्य नव्हे. तळणीचे उरलेले तेल पुनःपुन्हा तापवू नये.

तिसरी गोष्ट गोडाची. गूळ, काकवी आणि मध यांना 'नैसर्गिक' म्हणून मोकळीक दिली जाते. शरीराच्या दृष्टीने ती साखरच आहे. सणाला पातोळ्या, नेवऱ्या व्हाव्यात. रोजच्या चहातील साखर मात्र अर्ध्यावर आणावी.

चौथी गोष्ट कष्टांची आणि ती सर्वांत कमी बोलली जाते. डबाबंद अन्न घरात आले, कारण स्वयंपाकघरातील कष्ट एकट्या गृहिणीच्या वाट्याला होते आणि तिलाही आता नोकरी, शेती किंवा बचत गटाचे काम असते. भिजविणे, मोड आणणे, निवडणे, वाटणे ही कामे पुन्हा तिच्याच माथी मारली, तर घरच्या अन्नाचा उपदेश फुकट जाईल. रात्री कडधान्य भिजत घालणे मुलांना जमते. भाजी चिरणे व भांडी घासणे पुरुषांना जमते. आठवड्याचे मोडाचे कडधान्य आणि नाचणीचे पीठ रविवारी एकदम तयार करून ठेवले, तर रोजचा वेळ वाचतो. कामाची वाटणी झाली, तरच आहारातील बदल टिकतो.

सेंद्रिय म्हणजे काय

कृत्रिम रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता, शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत, पिकांची फेरपालट आणि मित्रकीटक यांच्या साहाय्याने केलेली शेती ती सेंद्रिय शेती. तिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. सेंद्रिय धान्यात जीवनसत्त्वे कित्येक पटींनी अधिक असतात, असे काही म्हणतात. तसे सरसकट आढळत नाही. सेंद्रिय हा केवळ पैसेवाल्यांचा छंद, असे दुसरे म्हणतात. तेही खरे नाही. खरा लाभ असा की, अशा अन्नात कीटकनाशकांचे अवशेष सामान्यतः कमी असतात, फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या व मजुराच्या शरीरात विष जात नाही आणि माती, विहीर व नदी यांचे रक्षण होते. याच किनारपट्टीवर, केरळातील कासरगोड जिल्ह्यात, काजूच्या बागांवर सुमारे दोन दशके आकाशातून एंडोसल्फानची फवारणी झाली. त्या परिसरातील कुटुंबांना जे भोगावे लागले, ते देशापुढे आले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाचे उत्पादन व विक्री थांबविली. गोव्याच्या डोंगरावरही काजू आहे, हे विसरता येत नाही.

बाजारातील वेष्टनावर 'सेंद्रिय' असे छापले म्हणून ते सेंद्रिय ठरत नाही. देशात त्यासाठी दोन मान्य पद्धती आहेत. एक, २००१ पासून चालू असलेला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात त्रयस्थ संस्था तपासणी करते. दुसरी, सहभागी हमी पद्धत, ज्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट परस्परांच्या शेतांची पाहणी करून हमी देतो. लहान शेतकऱ्याला दुसरी पद्धत कमी खर्चाची पडते. पुडीबंद मालावर सेंद्रिय मालाचे अधिकृत चिन्ह पाहून घ्यावे. ज्यांना सेंद्रिय माल परवडत नाही, त्यांनी त्यापायी भाज्या कमी करू नयेत. साध्या बाजारातील भाजी वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुऊन खाणे हे, महाग म्हणून भाजीच न खाण्यापेक्षा, केव्हाही श्रेयस्कर आहे.

परसबागेपासून आरंभ

सेंद्रिय अन्नाचा सर्वांत स्वस्त मार्ग परसातून जातो. पावसाळ्यात भेंडी, दोडका, पडवळ, तवशी आणि चवळी. हिवाळ्यात तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची आणि वाल. बारमाही शेवगा, केळ, पपई आणि कढीलिंब. एवढे लावले, तर घरची बरीच गरज भागते. स्वयंपाकघरातील देठे-साली, पालापाचोळा आणि शेण यांचे थर खड्ड्यात दिले व ओलावा राखला, तर तीन-चार महिन्यांत कंपोस्ट तयार होते. ओल्या कचऱ्याची विल्हेवाट लागते, हा दुसरा लाभ.

परसबागेसाठी जीवामृत लहान प्रमाणात करता येते. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, ५० ते १०० ग्रॅम गूळ, तितकेच बेसन आणि झाडाखालील मूठभर माती घालून, सावलीत झाकून, दिवसातून दोनदा ढवळावे. दोन-तीन दिवसांनी ते पाण्यात मिसळून मुळाशी घालावे व आठवड्याच्या आत संपवावे. पालेभाजीच्या पानांवर ते शिंपडू नये. मावा व तुडतुडे यांवर ५ टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, त्यात साबणाचा थोडा चुरा विरघळवावा आणि संध्याकाळी फवारावे. भाजी काढल्यावर ती नेहमीप्रमाणे धुणे आवश्यकच आहे, कारण शेणखताच्या मातीतही जंतू असतात.

बियाणे स्थानिक राखावे. काणकोणच्या खोला मिरचीला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यानंतर हरमल मिरची व मयंडे केळे यांनाही ते लाभले. ही वाणे आजवर टिकली, ती परसातून व कुळागरातून बी राखणाऱ्या कुटुंबांमुळे.

शेतकऱ्यासाठी

खाजन जमिनीत पावसाने क्षार धुऊन गेल्यावर घेतले जाणारे कोरगुट हे खारे पाणी सोसणारे, तांबूस दाण्याचे भात रासायनिक खतांवाचून पिकत आले आहे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून सुधारित वाण काढले. अशा शेतीत बांध आणि मानस यांची डागडुजी हेच मोठे खत होय. बांध फुटला, तर कोणतीही पद्धत उपयोगी पडत नाही. केर आणि मोरड जमिनीत ताग, धैंचा किंवा गिरिपुष्पाचा पाला गाडावा. ताग व धैंचा पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांत गाडण्यायोग्य होतात.

संपूर्ण शेत एका वर्षात पालटण्याची घाई करू नये. पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न घटण्याचा संभव असतो. हंगामी पिकांना प्रमाणित होण्यासाठी साधारण दोन वर्षांचा आणि फळझाडांना तीन वर्षांचा संक्रमणकाळ धरला जातो. प्रथम घरच्या खाण्यापुरता तुकडा निवडावा, त्याची नोंदवही ठेवावी आणि अनुभव जमेल तसे क्षेत्र वाढवावे. अनुदान, बियाणे आणि गटनोंदणी यांविषयी विभागीय कृषी कार्यालयाशी, तसेच कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

शाळा आणि ग्रामपंचायत

मुलांच्या सवयी शाळेत घडतात. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी आणि वरच्या प्राथमिक वर्गात १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरविलेले आहे. शाळेची परसबाग असली, तर त्या भाजीत मुलांच्या हातची भर पडते आणि स्वतः लावलेला मुळा मूल ताटात टाकून देत नाही, असा शिक्षकांचा अनुभव असतो. कोंडा, अंकुर आणि गर हा पाठ फळ्यावर शिकविण्यापेक्षा मूठभर भात सोलून, भिंगातून दाखवून शिकविला, तर तो जन्मभर लक्षात राहील. आजी-आजोबांना विचारून त्यांच्या लहानपणीच्या न्याहारीची यादी करून आणणे, हाही चांगला गृहपाठ होईल.

ग्रामपंचायतीने आठवडी बाजारात स्थानिक भाजीसाठी जागा राखावी, सभांच्या वेळी बिस्किटांऐवजी उकडलेली चवळी, केळी किंवा नाचणीची आंबील द्यावी आणि बचत गटांना हातसडीचा तांदूळ व कुळथाचे पीठ विकण्यास प्रोत्साहन द्यावे. ज्या वाड्यावर भात उकडण्याची मोठी भांडी अद्याप माळ्यावर पडून आहेत, तेथे चार-पाच घरांनी मिळून वर्षातून एकदा ती खाली काढण्यास हरकत नाही.

एकेक पाऊल

सर्व सवयी एका सोमवारी बदलत नाहीत. पहिल्या महिन्यात चहातील साखर अर्धी करावी आणि पावाऐवजी पोई आणावी. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून चार दिवस मोडाचे कडधान्य शिजवावे. तिसऱ्या महिन्यात पांढऱ्या तांदळाऐवजी निम्मा उकडा तांदूळ वापरावा, भाताचा एक डाव कमी करून त्याजागी भाजीचा एक डाव वाढवावा. चौथ्या महिन्यापर्यंत परसातील पहिली तांबडी भाजी काढणीला आलेली असेल. वर्षअखेरीस कुटुंबातील प्रौढ व्यक्तींनी जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

पेज, पिठी आणि पाला यांचे ताट दारिद्र्याची खूण मानून ज्या पिढीने बाजूला सारले, तिला दोष देण्याचे कारण नाही. त्या ताटामागे कष्ट होते आणि कित्येकदा अर्धे पोटही होते. आता पोटभर अन्न आहे, ज्ञान आहे आणि निवड करण्याची मुभा आहे. जुन्या ताटातील शहाणपण घ्यावे, त्यातील उणीव कडधान्य, दूध व फळे यांनी भरून काढावी आणि गोव्यातील पुढच्या पाहणीत चौघांत एक हा आकडा खाली यावा, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.